भाऊजींना कुणी नाही म्हणत नसे

मुलाखत द्यायला मनापासून आवडते असा माणूस देवाने एकच घडवला आणि तो नेमका आमच्या ताईच्या पदरात टाकला. आपण सगळे मुलाखतीला जातो ते नोकरी हवी म्हणून. भाऊजी नोकरी सोडत ते मुलाखत हवी म्हणून. लोक चार दिवस गावी जाऊन ताजेतवाने होतात, भाऊजी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एखाद्या अनोळखी ऑफिसच्या सोफ्यावर तासभर बसून आले की त्यांच्या चेहऱ्यावर तेज चढे. औषधांची कंपनी, पंख्यांची कंपनी, कुरियर, एक खासगी कॉलेज, पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना. ठाण्यापासून कल्याणपर्यंत त्यांनी कुठे नोकरी केली नाही ते सांगणं सोपं. लागायची हमखास. टिकायची वर्ष, फार तर दीड वर्ष. मग एका संध्याकाळी ते डोंबिवलीशेजारच्या कोपरच्या घरी येऊन बूट काढता काढता म्हणत, "तिथे आता मला विचारण्यासारखं काही उरलेलं नाही." त्या दिवशी ताईच्या हातून आमटीला फोडणी अंमळ जोरात बसे.

एवढ्या अनुभवाचा माणूस सल्ला दिल्याशिवाय कसा राहील? लग्न, मुंज, बारसं, कुठेही कुणी 'नोकरी शोधतोय' असं पुटपुटला की भाऊजी जिलेबी बाजूला ठेवून त्याच्याकडे वळत. "पाणी विचारलं तर नाही म्हणू नकोस. ज्याला आपण पाणी पाजलं त्याला घरी पाठवायला माणसाची जीभ रेटत नाही. लवकर पोहोच, पण लवकर आत जाऊ नकोस. खाली वॉचमनशी बोल. पगार वेळेवर होतो की नाही हे कंपनीच्या वेबसाइटवर नसतं, वॉचमनच्या तोंडावर असतं. आधीच्या साहेबाला शिव्या घालू नकोस, समोरचा साहेब त्या जागी स्वतःला बघतो." बढतीचंही शास्त्र होतं. "काय केलंस ते सांग, काय हवंय ते मागाहून. मुलीची फी भरायचीय म्हणालास तर सहानुभूती मिळेल, आणि सहानुभूतीवर इन्क्रिमेंट बसत नाही." गंमत म्हणजे यातलं बरंचसं खरं होतं. त्यांच्या हाताखालून गेलेली अर्धी डोंबिवली कुठे ना कुठे चिकटली.

पण हा छंद कुठे थांबवायचा हे त्यांना कळत नसे. एकदा शेजारच्या मुलीला बघायला पाहुणे आले होते. पोह्यांच्या बश्या फिरल्या आणि कुणी काही बोलेना, तेव्हा भाऊजींनी नवऱ्या मुलाकडे बघून प्रसन्नपणे विचारलं, "तुमची एखादी कमजोरी सांगा." तो बिचारा गडबडून खरं बोलला. म्हणाला, "राग पटकन येतो. हात उठतो." स्थळ तिथेच मोडलं. मुलीचे वडील भाऊजींशी कित्येक दिवस बोलत नव्हते. मुलीने मात्र गुपचूप पेढे आणून दिले.

मग माझ्यावर पाळी आली. माजिवड्याचं आमचं ऑफिस गुजरातला हलवायचं ठरलं आणि ते आम्हाला समोसे देऊन सांगण्यात आलं. मी शेचाळीस वर्षांचा, ॲडमिन सांभाळणारा, मुलगी दहावीला. भाऊजी त्या वेळी दोन नोकऱ्यांच्या मधल्या मोकळ्या मैदानात होते. विचारलं की म्हणत, "दोन ठिकाणी बोलणं चालू आहे." दिवाळीपासून चालू होतं ते बोलणं, आणि आता गणपती येऊन गेले होते. पण इतकी वर्षं त्यांना कुणी नाही म्हटलेलं आम्ही ऐकलंच नव्हतं, त्यामुळे कुणाला शंका आली नाही.

रोज संध्याकाळी ते मला समोर बसवत. चार पानी बायोडेटा एका पानावर आणला. "तू जन्मलास कुठे ते कुणाला हवंय? काय वाचवलंस कंपनीचं, ते वर घे." मग प्रश्न.

"काय झालं तुमचं?"

"नोकरी गेली."

"चूक! ऑफिस गेलं. तू इथेच आहेस. परत सांग."

मी परत सांगे. आतून ताई म्हणे, "अहो, चहा तरी घेऊ द्या त्याला."

तरी चार ठिकाणी नकार आला. चारही वेळा आधी सगळ्यांना सांगून झालं होतं, आणि मग तितक्याच लोकांना 'नाही झालं' हेही सांगत फिरावं लागलं होतं. म्हणून पाचव्या वेळी मी कुणालाच बोललो नाही. ठाण्यातली एक कंपनी, ॲडमिन मॅनेजरची जागा. दार ढकलून आत गेलो आणि रिसेप्शनच्या सोफ्यावर भाऊजी बसलेले दिसले. फुल शर्ट, कडक इस्त्री. केस आदल्या दिवशी रंगवलेले असावेत. कानाच्या पाळीवर काळा डाग राहून गेला होता.

"तू?" ते म्हणाले.

"तुम्ही?"

रिसेप्शनवरच्या मुलीने आमची दोघांची नावं एकाच कागदावर टिक केली, तेव्हा आणखी काही विचारायची गरज उरली नाही. मी उठलो. "मी निघतो, भाऊजी. तुम्ही द्या."

त्यांनी माझं मनगट धरलं. "खाली बस. आपल्यातला एक गेल्याने दुसऱ्याला लागत नाही. तिसऱ्याला लागते."

पाणी आलं. दोघांनीही प्यायलं. थोड्या वेळाने समोरच्या भिंतीकडे बघत ते म्हणाले, "दिवाळीनंतरचा हा पहिला फोन रे."

"आणि ते दोन ठिकाणी बोलणं?"

"मीच बोलत होतो. त्यांच्याकडून कुणी नव्हतं."

त्यांना आत बोलावलं. शर्ट ताणून, खांदे मागे घेऊन ते गेले. एरवी भाऊजी आत गेले की बाहेरचे उमेदवार जेवून येत, अशी त्यांची ख्याती. त्या दिवशी मी माझा बायोडेटा पुन्हा एकदा वाचून संपवण्याआधी ते बाहेर आले होते.

"काय विचारलं?"

"काहीच नाही. पोरगी आहे सत्तावीस-अठ्ठावीसची. चांगली आहे. दर वाक्याला मला सर म्हणत होती." ते जरा हसले. "मुलाखत घेणारी सर म्हणायला लागली की आपण उठायचं असतं. म्हणाली, एवढ्या अनुभवी माणसाला मी काय विचारणार?" मग माझी कॉलर नीट करत म्हणाले, "तू जा. टेबलावर कागद एक नाही तिच्या, सगळं कॉम्प्युटरवर. तू ते नवं सॉफ्टवेअर बसवलेलंस ना, ते आधी सांग."

मी ते आधी सांगितलं. नोकरी मला लागली.

ताईला त्यांनी स्वतःच फोन केला. खालच्या टपरीपाशी उभे राहून, माझ्यादेखत. "अगं, आपल्या माणसाला लागली! हो, मीही गेलेलो. हो, तिथेच. नाही, मला नाही." मग आवाज खाली आणून भाऊजी म्हणाले, "येतो मी. जेवायला येतो."

पुढे काही महिन्यांनी त्यांच्या चुलतभावाला कल्याणच्या टाइल्सच्या दुकानात काउंटरवर विश्वासाचा माणूस हवा होता. भाऊजी बायोडेटा घेऊन भेटायला गेले. भावाने तो न उघडता गल्ल्याखाली सारला आणि म्हणाला, "उद्यापासून ये." संध्याकाळी मला फोन आला. आवाज आनंदी करायचा प्रयत्न होता, पण जमत नव्हतं. "लागली रे. पण त्याने मला काही विचारलंच नाही. एक प्रश्न नाही."

त्याला आता तिसरं वर्ष चालू आहे. इतके दिवस ते कुठेच टिकले नव्हते. लग्नाकार्यात भेटतात, हसतात, मुलांची चौकशी करतात. कुणी नोकरीचा विषय काढला तर म्हणतात, "आता सगळं बदललंय. याला विचार," आणि माझ्याकडे बोट करतात. मला त्यांच्यासारखं सांगता येत नाही.

परवा रविवारी कोपरला गेलेलो. भाऊजी जेवून आत झोपले होते. ताई मटार सोलत होती. मी विचारलं, "कसं चाललंय?"

"बरं चाललंय रे. वेळेवर जातात, वेळेवर येतात. एवढी वर्षं देवापाशी हेच तर मागत होते मी." दाणे बोटांनी जरा इकडेतिकडे केले तिने. "पूर्वी कुठून आले की दारातूनच सुरू व्हायचे. तो साहेब कसा बसला होता, त्याने काय विचारलं, मी काय फेकलं. पानं वाढलेली असायची, भात गार व्हायचा. मी ओरडायचे, अहो, आधी जेवून घ्या म्हणून."

तिने एक शेंग उचलली, पण सोलली नाही.

"आता आधी जेवतात," ती म्हणाली.