तीन चाव्यांचा सर्व्हर

मी पत्रकं लिहिते. कॉलेजात असल्यापासून लिहिते. 'ही वस्ती कुणाच्या बापाची नाही' असलं वाक्य मला झोपेतून उठवून विचारलं तरी खालची ओळ जोडता येते. पण ही गोष्ट मला पत्रकात कधी बसवता आली नाही. पत्रकाला शत्रू बाहेरचा लागतो.

घाटकोपर आणि विक्रोळीच्या मधल्या टेकडीच्या उतारावर आमची वस्ती. वरच्या अंगाला आम्ही कोकणातले, खालच्या अंगाला मराठवाड्यातून आलेली बौद्ध घरं, आणि मध्ये एक नळ, ज्यावरून दोन्ही बाजू वर्षानुवर्षं भांडल्या. पुनर्विकास आला आणि दोन्हीकडे एकच धास्ती पसरली. पात्र की अपात्र? जुना पुरावा असेल तर पात्र, नव्या इमारतीत घर. नसेल तर अपात्र, आणि मग तुम्ही कुठे जाता ते विचारायला कुणी येत नाही.

आमच्या खोलीचा जुना पुरावा म्हणजे वडिलांच्या नावाचं एक लाइट बिल. वडील गेले. आई एका कारखान्याच्या कँटीनमध्ये पहाटेपासून पोळ्या लाटते. त्या खोलीशिवाय तिच्या नावावर जगात काही नाही. माझी चळवळ खरं तर तेवढ्यासाठीच सुरू झाली. बाकीचे मोठे शब्द मी नंतर वाचून जोडले.

आधीच्या अध्यक्षांनी सगळ्यांच्या कागदांच्या झेरॉक्स 'एका जागी सुरक्षित' म्हणून गोळा केल्या होत्या. त्या बिल्डरच्या माणसांकडे पोचल्या. कुणाचे कागद कच्चे आहेत ते त्यांना कळलं आणि त्यांनी नेमकी तीच दारं आधी ठोठावली. अध्यक्ष मुलुंडला मोठ्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. आम्ही नवी समिती केली आणि ठरवलं, यापुढे कुणा एकाच्या हातात काही द्यायचं नाही. कुणाच्याच.

अंधेरीच्या एका कंपनीत काम करणारा एक इंजिनिअर आमच्या चळवळीच्या बाजूचा होता. आम्ही त्याला दादा म्हणायचो. त्याने आमच्यासाठी एक प्रोग्राम लिहिला. प्रत्येक घराचे कागद स्कॅन करून आपल्याच कॉम्प्युटरवर ठेवायचे, सुनावणीच्या दिवशी छापून समोर टाकायचे. पण तो प्रोग्राम एकटा चालत नव्हता, त्याच्याखाली ॲप्लिकेशन सर्व्हर लागत होता. म्हणजे काय, तर दुकानाला गाळा लागतो तसं. दादाने पेन ड्राइव्ह दिला आणि म्हणाला, "घाबरू नका, ग्राफिकल इन्स्टॉलर आहे. काळ्या पडद्यावर काही टाइप करायचं नाही. खिडक्या येतील, नेक्स्ट नेक्स्ट करत जा. मी फोनवर आहे."

रविवारी दुपारी वस्तीतल्याच आमच्या गावच्या मंडळाच्या खोलीत बसलो. मी, मंडळाचे खजिनदार काका आणि खालच्या आळीतली एक ताई. काका कारखान्यातून रिटायर झालेले, ताई मुलुंडच्या एका हॉस्पिटलात नर्स. बाकी समिती मागे उभी होती.

पहिल्याच खिडकीत करारपत्र आलं. इंग्रजी, बारीक अक्षर, संपता संपेना. मी मोठ्याने वाचायला लागले.

"वाच गं," ताई म्हणाली. "बिल्डरचं पण असंच बारीक होतं."

काका म्हणाले, "ह्यां सगळां वाचीत रवलस तर गणपती येतले गो."

फोनमधून दादा ओरडला, "वाचू नकोस यार! ॲक्सेप्ट कर."

"का? त्यात काय लिहिलंय?"

"मलाही माहीत नाही. कुणालाच माहीत नसतं."

"मग तुझ्यात नि बिल्डरमध्ये फरक काय?"

मागून हशा पिकला. पण संमती दिल्याशिवाय नेक्स्टचं बटण करडंच राहत होतं. दाबून पाहा, हलत नाही. मी टिक केली. आयुष्यात पहिल्यांदा न वाचता सही केल्यासारखं वाटलं.

पुढे 'टिपिकल' की 'कस्टम', म्हणजे नेहमीचं की आपल्या मनाचं, असं विचारलं. त्यावर आम्ही मतदान घेतलं. दादाने फोनवर कपाळ बडवून घेतलं असावं, तसा आवाज आला. टिपिकल बहुमताने पास झालं. मग पोर्ट कुठला ते विचारलं. पोर्ट म्हणजे बंदर, एवढंच आम्हाला माहीत. काका म्हणाले, "भाऊच्या धक्क्यार लाव म्हणा." मजेत चाललं होतं. खरंच मजेत चाललं होतं, ते मला लिहून ठेवायचं आहे.

मग एक खिडकी आली, तिच्यात दोन रिकाम्या चौकटी. ॲडमिन पासवर्ड, आणि खाली तोच पुन्हा. पासवर्ड म्हणजे सगळ्यांचे सगळे कागद. तो कुणाकडे?

काकांनी भिंतीकडच्या ट्रंकेकडे बोट केलं. आमच्याकडे प्रत्येक मंडळाची अशी ट्रंक असते. भजनाचे टाळ, वर्गणी, गावच्या देवळाची भांडी, सगळं तिच्यात. तिला तीन कुलपं. अध्यक्षाची चावी वेगळी, सेक्रेटरीची वेगळी, खजिनदाराची वेगळी. तिघं आल्याशिवाय ट्रंक उघडत नाही. मुंबईत आल्यापासून ती कधी फुटली नाही, हा काकांचा अभिमान.

"तशीच ह्येका तीन कुलपां घाला," ते म्हणाले. "पयलो तुकडो माझो, मधलो ताईंचो, मागचो तुझो. एकमेकांक सांगूचो नाय."

ताईने लगेच मान हलवली. मला तर ते इतकं आवडलं की त्यावर पत्रक लिहावंसं वाटलं. एकही पुढारी नाही, सगळे मालक!

दादा म्हणाला, "अरे असं नका करू. एकाने ठेवा, पाकिटात बंद करून."

"पाकीट कुणाकडे?" ताईने विचारलं.

पुढच्या खिडकीत आणखी एक टिक होती. पासवर्ड विसरल्यास उपयोगी पडेल अशी रिकव्हरी फाइल बनवायची का? नाहीतर या पासवर्डाने कुलूपबंद झालेलं कुणालाही उघडता येणार नाही.

"ही ठेवा," दादा म्हणाला. "माझ्याकडे राहू दे."

"तुमच्याकडे का?" ताई म्हणाली. "राग नका मानू दादा, पण आधीचे अध्यक्ष पण आमचेच होते."

हात वर झाले. टिक काढली. दादा फक्त "ठीक आहे" म्हणाला.

मग आम्ही एकेक करून कीबोर्डपाशी गेलो. एक जण टाइप करत असताना बाकीची अख्खी समिती भिंतीकडे तोंड करून उभी. पडद्यावर फक्त काळे ठिपके. खालच्या चौकटीसाठी पुन्हा तीच रांग. दोन्ही जुळत नाहीत म्हणून लाल अक्षरं आली. पुन्हा भिंतीकडे तोंडं, पुन्हा ठिपके. या वेळी जुळले. हिरवी पट्टी सरकत टोकाला गेली, 'फिनिश' आलं, टाळ्या पडल्या. वरच्या आळीने आणि खालच्या आळीने एका खोलीत बसून चहा घेतलेला मी त्या दिवशी पाहिला.

पुढचे काही महिने सर्व्हर झकास चालला. तो कधी बंद केलाच नाही, म्हणून पासवर्डही लागला नाही. सगळी घरं आली, कागद स्कॅन झाले. बाहेर फुटायला नको म्हणून फोनमधले फोटो आम्ही समोर उभं राहून पुसायला लावले. आईचेही पुसले. मूळ कागद पात्रता ठरवणाऱ्या सरकारी कार्यालयात जमा केले. पोच मिळाली, तिच्यावर नुसतं 'कागदपत्रे प्राप्त'. कुठली, ते नाही.

दरम्यान काकांनी बिल्डरला संमती दिली आणि कांदिवलीला भाड्याच्या घरात गेले. त्यांच्या बायकोला चढ चढवत नव्हता. आम्ही त्यांच्या दारात घोषणा दिल्या. मी 'गद्दार' असा मथळा दिला. तो शब्द मला आजही चुकीचा वाटत नाही.

मग सुनावणीची नोटीस आली. आईच्या फायलीत लाइट बिल नाही, असं कार्यालयाने तिच्यात लिहिलं होतं. मी आईला म्हटलं, काळजी करू नकोस, आपल्याकडे आहे. त्याच आठवड्यात ट्रान्सफॉर्मर उडाला, वस्ती अंधारात गेली आणि सर्व्हर बंद पडला. वीज आल्यावर चालू केला, तर त्याने पहिल्या दिवसानंतर पहिल्यांदाच पासवर्ड मागितला.

मी आणि ताई कांदिवलीला गेलो. काका दारातच म्हणाले, "गद्दाराकडे काय काम काढलास?" मी सांगितलं. ते आत गेले, शर्ट बदलून आले आणि आमच्याबरोबर निघाले.

त्यांनी टाइप केलं. मग ताईने, मग मी. चुकीचा पासवर्ड. पुन्हा. चुकीचा.

"काका, नीट आठवा," मी म्हटलं.

"माका आठवता. माझो बरोबर आसा."

"बिल्डरकडे गेल्यावर विसरायला सोपं जात असेल," मागून कुणीतरी म्हणालं.

"तोंड सांभाळून! इतक्या लांब कित्याक येऊ मग मी? आणि हिचो नाय चुकूचो?" त्यांनी ताईकडे हात केला.

"आमचाच चुकणार ना? खालच्या आळीचा!" ताई उसळली. "मी रोज औषधांचे डोस लक्षात ठेवते काका. मला शिकवू नका." मग माझ्याकडे वळून, "तुझा बघ आधी. तू त्या दिवशी दोनदा खोडलं होतंस. मी आवाज ऐकला."

"माझा बरोबर आहे," मी म्हटलं.

माझा बरोबरच आहे. त्या दोघांनाही आपापला तसाच बरोबर वाटत होता. ठिपक्यांच्या मागे कुणाचं काय, ते कळायची सोयच आम्ही ठेवली नव्हती. आणखी काही प्रयत्नांनंतर सर्व्हरने चौकटीत काही घेणंच बंद केलं.

दादाला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मला नाही उघडता येत गं. कुणालाच येणार नाही. तुम्ही तेच मागितलं होतं." नव्याने इन्स्टॉलर चालवता येईल का, तर येईल. मी चालवला. आधीचा सगळा डेटा काढून टाकू का, असं इन्स्टॉलरने अगदी नम्रपणे विचारलं. मी मशीन बंद केलं.

काका बसस्टॉपकडे निघून गेले. ताई समितीच्या पुढच्या बैठकीला आली नाही, खालच्या आळीतून कुणीच आलं नाही. नळावर पुन्हा भांडणं लागली.

सुनावणीला मी भाषण तयार करून नेलं होतं. साहेबांनी मान वर न करता विचारलं, "लाइट बिल?" मी पोच दाखवली. "हिच्यात बिल लिहिलेलं नाही." मी म्हटलं, तुमच्या कार्यालयाने हरवलं, ही लबाडी आहे, आम्ही गप्प बसणार नाही. ते म्हणाले, "बसू नका. पुढचे." आई शेजारी पदर आवळून उभी होती. तिला बोलायचं होतं की नाही, ते मी विचारलंच नव्हतं.

अपात्र. दारावर कागद चिकटवून गेले.

त्या कागदासमोर उभं राहून आईने विचारलं, "कुणाचा चुकला असेल गं?"

"माहीत नाही."

"कळणार पण नाही?"

"नाही."

अपील करता येतं. अपिलाला पुरावा लागतो. मी पहिला परिच्छेद फार जोरदार लिहिलाय आणि तिथेच थांबलेय. आईने ठाण्यापलीकडे दिव्याला एक खोली बघून ठेवली आहे. तिथून पहाटे कँटीनला वेळेवर पोचता येत नाही, म्हणून तिने कामावर परवा सांगून टाकलं की महिनाअखेरीपर्यंतच येईन. मला ते शेजारणीकडून कळलं.