इसार झालाय, असं मी सांगितलं

मी फार बोलत नाही. धाराशिवला नोंदणी कार्यालयाजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि त्याच्या जोडीला बरीच वर्षं मी घरांचे, प्लॉटांचे व्यवहार जुळवून देतो. या धंद्यात बडबडे लोक पुष्कळ. मी मात्र गिऱ्हाइकाला एखादं वाक्य सांगायचो आणि गप्प बसायचो. कमी बोलणारा माणूस खोटं बोलत नसतो, असं लोक धरून चालतात. ते तसं धरतात हे मला ठाऊक होतं.

तुळजापूर रस्त्याच्या अंगाला एक वसाहत आहे. तिथल्या शेवटच्या गल्लीत एक टेलर चाचा आणि चाची राहायचे. दोन खोल्या, पुढं ओटा, मागं मोरी आणि एक शेवग्याचं झाड. चाचांनी सत्तरी ओलांडली होती, दुकान बंद केलं होतं. चाची अजून घरी बसून काज-बटनाचं काम करायची. एक दिवस दोघं माझ्याकडं आले. घर विकायचं होतं.

“घाई हाय भाऊ,” चाचा म्हणाले. “हिच्या डोळ्यात काचबिंदू निघालाय. सोलापूरचे डॉक्टर म्हनले, गेलेलं माघारी येत न्हाय. ड्रॉपनं फकस्त हळू जाईल.”

चाची हसली. “बेटा, सरळ बघितलं तर मला सुई दिसती. पन बाजूला तू बसलायस का बकरी बांधलीय, ते कळत न्हाय.”

त्यांची लेक सोलापूरला. तिच्या सासरी माणसं भरपूर, जागा कमी. पण तिच्याच गल्लीत मागच्या बाजूला दोन खोल्या विकायला निघाल्या होत्या. इथलं घर गेलं की त्या घ्यायच्या. चाचीनं कारण सांगितलं तेही मी नीट ऐकलं होतं. मी ऐकलंच नव्हतं असं मला आज म्हणता येणार नाही.

“डोळं हायेत तवर ते घर पाठ करायचंय मला. नळ कुठं, पायरी कुठं, चूल कुठं. एकदा बघून पाठ केलं की मग अंधार झाला तरी चालतंय. न बघितलेलं घर आंधळ्यानं कसं पाठ करावं, सांग तू.”

मी त्यांच्या फाटकाला माझा पत्र्याचा बोर्ड तारेनं बांधला. ‘घर विकणे आहे’ आणि खाली माझा नंबर.

आता माझी गोष्ट. तुळजापूरची नवी रेल्वे येणार, देवीला जाणाऱ्या लोकांची रीघ लागणार, म्हणून आमच्याकडं भाव चढले होते. तेव्हा त्याच गल्लीत मी स्वतः दोन प्लॉट घेऊन ठेवले. चाचांच्या घराला लागून एक, समोर एक. मग बाजार उतरायला लागला. हॉटेलात आम्ही दलाल रोज चहाला बसायचो, पण ‘पडला’ हा शब्द कुणी तोंडातून काढत नव्हतं. ‘थांबलाय’ म्हणायचे. आणि मग प्रत्येकाचा अंदाज. नवरात्र होऊ द्या. पाडवा होऊ द्या. रेल्वेचा पहिला डबा दिसू द्या, मग बघा. मीही मान हलवायचो. हलवता हलवता मला ते खरंच वाटायला लागलं होतं, हेही खोटं नाही.

पण गल्लीचं गणित मला कळत होतं. एक घर कमी भावात गेलं की पुढचा प्रत्येक माणूस तोच आकडा घेऊन येतो. चाचांचं घर स्वस्तात गेलं असतं तर माझ्या दोन्ही प्लॉटांचे भाव त्याच दिवशी बसले असते.

म्हणून मी चाचांना म्हणालो, “नवरात्रापर्यंत थांबा.”

नवरात्र झालं. दिवाळीत मी म्हणालो, “गुढीपाडव्याला उठाव येतो.” चाचांनी घराला चुना मारून घेतला होता. दर आठ दिवसांनी ते दुकानात यायचे, झेरॉक्सच्या मशीनपाशी उभे राहायचे. “काय म्हनतोय भाव?” मी म्हणायचो, “चांगला आहे. थोडा धीर.” माझ्या ‘थोडा धीर’वर ते पुन्हा आठ दिवस काढायचे.

चैत्रात एक माणूस आला. सास्तूरकडचा, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. लहानपणी त्र्याण्णवच्या भूकंपात दगडी घरं पडलेली पाहिलेला आणि पुढं पुनर्वसनातल्या घरात वाढलेला. त्याला मी घर दाखवलं तेव्हा चाचा-चाची ड्रॉप आणायला सोलापूरला गेले होते, किल्ली माझ्याकडं होती. मास्तरानं रंग बघितला नाही, फरशी बघितली नाही. भिंतीवर बोटांनी टकटक करत सगळं घर फिरला. ओट्यावर चढून छत बघितलं.

“दगड न्हाय न्हवं कुठं?”

“नाही. विटा आहेत. बीम पण आहे.”

“मग मला पसंत हाय,” तो म्हणाला आणि आकडा सांगितला. खाली होता. पण सोलापूरच्या दोन खोल्या त्यात नक्की आल्या असत्या. तो म्हणाला, “परवा इसाराचं पैसं देतो.”

मी रस्त्याकडं बघत राहिलो. समोर माझ्या प्लॉटावर काटेरी झुडपं वाढली होती.

दुसऱ्या दिवशी मी त्याला फोन केला. “माफ करा गुरुजी. आधीच्या पार्टीनं काल इसार दिला. मला मालकांनी उशिरा सांगितलं.”

“असं व्हय? मग काय बोलायचं न्हाय,” तो म्हणाला आणि फोन ठेवला.

एवढंच. एक वाक्य. पण आमच्याकडं इसार झाला म्हटलं की दुसरा माणूस त्या दारात पाय ठेवत नाही. दुसऱ्याच्या इसारावर आपण भाव करणं म्हणजे साखरपुडा झालेल्या मुलीला मागणी घालणं. मास्तरानं शाळेत सांगितलं असेल, शाळेतून ते हॉटेलात आलं. आठवड्याभरात सगळ्यांना माहीत झालं, टेलर चाचांच्या घराचा इसार झालाय. बोर्ड फाटकावर तसाच होता. पण दलाल आपला बोर्ड जाहिरातीसाठी ठेवतोच, म्हणून कुणी त्यावरचा नंबर फिरवला नाही. मला एक गिऱ्हाईक परतवायचं होतं. मी सगळं गाव परतवलं.

हॉटेलात मी तेव्हाच म्हणू शकलो असतो की इसार मोडला. रोज सकाळी ठरवून जायचो. चहा संपायचा.

एक दिवस चाचा आले ते मशीनपाशी न थांबता थेट खुर्चीवर बसले.

“भाऊ, बाजारात एकजन भेटला. म्हनला, मुबारक हो चाचा, इसार झाला म्हने.”

माझ्या हातात कुणाचा तरी सातबारा होता. मशीनचा दिवा पुढं गेला, मागं आला.

“लोक काहीही उठवतात,” मी म्हणालो. “आपल्या फायद्याचं आहे ते. घराला मागणी आहे असं दिसतं. भाव चढेल बघा.”

ते गुडघ्यावर हात टेकून उठले. मग म्हणाले, “तुमी म्हनता तर बरोबरच असंल.”

त्यानंतर ते कमी यायला लागले. श्रावणात सोलापूरच्या त्या दोन खोल्या दुसऱ्या कुणीतरी घेतल्या. हे मला त्यांच्या शेजाऱ्याकडून कळलं. भाव काही चढला नाही. दुसरं नवरात्र आलं, गेलं. तुळजापूरला जाणारे लोक आले, देवीचं दर्शन घेऊन गेले. घर कुणी घेतलं नाही.

मागच्या महिन्यात मी त्यांच्याकडं गेलो. कुणी बोलावलं नव्हतं. चाची ओट्यावर शेंगा निवडत बसली होती, बोटांनी. माझ्या चपलेचा आवाज ऐकून म्हणाली, “कोन?”

मी नाव सांगितलं.

“अगं बाई, बेटा! लई दिवसांनी. बस. काय म्हनतोय तुझा भाव?”

तिची थट्टा होती ती. चाचा आतून बाहेर आले. मी उभ्यानंच सांगितलं. मास्तर, त्याचा आकडा, फोन, माझे दोन प्लॉट. एका दमात, पाठ केल्यासारखं. चाचा दाराची चौकट धरून ऐकत होते. मला वाटलं ते मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

बोलली ती चाची.

“कवा आला होता त्यो मास्तर?”

“चैत्रात. मागच्या.”

तिचा हात शेंगांत थांबला. “चैत्रात मी सुईत दोरा ओवत होते.”

एवढंच म्हणाली. मग उठली. भिंतीला हात न लावता आत गेली, माठातून पाणी घेतलं, उंबरा बरोबर पाय उचलून ओलांडला आणि तांब्या माझ्यापुढं धरला. माझ्यापासून हातभर लांब, जिथं मी नव्हतो तिथं. मी सरकून तो घेतला.

“चाचा, उद्या हॉटेलात सगळ्यांपुढं सांगतो मी,” मी म्हणालो. “इसार झाला नव्हता म्हणून. गिऱ्हाईक येईल. येईल त्या भावाला...”

“पुन्हा ‘येईल’?” चाचा पहिल्यांदा बोलले. “बस करा भाऊ. आता इकायचं न्हाय. हिला येवढं एकच घर पाठ हाय. दुसऱ्या घरात नेऊन काय भिंतींवर आपटू हिला?” मग फाटकाकडं बोट दाखवलं. “त्यो तुमचा पत्रा घेऊन जावा.”

तार गंजली होती. पिळे उलगडेनात. पक्कड मागायची माझी हिंमत झाली नाही. मी बोटांनीच ओढत बसलो, पत्रा फाटकावर खडखडत होता आणि दोघं ओट्यावरून ऐकत होते.

“काय काढतोय त्यो?” चाचीनं विचारलं.

“बोर्ड.”

“हाय व्हय अजून?” ती म्हणाली. “मला वाटलं, कवाच काढला असंल.”