उजव्या पट्ट्यातले सहा फूट

डेल्बर्ट ह्रुस्काचं नाव काढलं की आमच्या केल्सो क्रीकमध्ये लोक अजून म्हणतात, "घड्याळवाला ना? देवमाणूस!" आणि हे ऐकलं की डेल्बर्ट मान खाली घालून काढता पाय घ्यायचा. लोकांना वाटायचं, काय हा विनय! विनय कसला, डोंबल! अकरा वर्षं तो एक गोष्ट लपवून होता.

आठवडाभर तो फाउंड्रीत साचे भरायचा आणि शनिवारी गावाबाहेरच्या शर्यतीच्या पट्टीवर कामाला असायचा. पाव मैलाचा सरळसोट रस्ता, त्यावर दोन पट्टे. हिरवा दिवा लागला की दोन गाड्या शेजारी-शेजारी सुटायच्या. प्रत्येक पट्ट्याच्या टोकाला रस्त्याकाठी खड्ड्यात रोवलेला एक खांब, खांबावर दिवा. गाडीनं त्याचा झोत तोडला की वरच्या खोलीतलं घड्याळ थांबायचं आणि डेल्बर्ट खिडकीतून वेळेची चिठ्ठी खाली द्यायचा. त्या खांबांना हात लावायची परवानगी फक्त त्याला होती. मालक स्ट्राउड भोंग्यावरून ओरडायचे, "आमची घड्याळं डेल्बर्टनं लावलेली आहेत, केसभर चुकायची नाहीत!" डेल्बर्टची छाती दोन इंच फुगायची.

एकोणसत्तरच्या उन्हाळ्यात गावात दुसरा विषयच नव्हता. गार्लंड प्रुइटची शेव्हेल गाडी पुढे की वेंडेल टॅकेटची रोड रनर? न्हाव्याकडे तेच आणि चर्चच्या पायरीवरही तेच. "शेव्हेल सुटते झकास, पण पुढे दम टाकते." "अरे जा रे, तुझ्या रोड रनरची चाकंच आधी जागेवर फिरत बसतात, धूर नुसता!" गार्लंड पडला बड्या घरचा. टॅकेट बंधू केंटकीच्या डोंगरातून पोटापाठी आलेले. वेंडेल गाडी चालवायचा आणि धाकटा लॉनी कार्ब्युरेटर लावायचा, तोही नुसता कानानं. इंजिनाला कान लावून स्क्रू पाव फेरा फिरवायचा आणि म्हणायचा, "हां, आता बोलतंय बघ." भावाभावांचं असं मेतकूट जमलं होतं, की एकानं शिंकावं आणि दुसऱ्यानं नाक पुसावं.

आमच्याकडची रीत अशी, की हरणाऱ्यानं रविवारी प्रार्थनेनंतर भर रस्त्यात, सगळ्यांदेखत विजेत्याची गाडी धुवायची. आणि दोघांच्या चिठ्ठ्या मेव्हिसच्या खानावळीत भिंतीला लागायच्या, जिंकलेली वर, हरलेली खाली.

शर्यत झाली. उजव्या पट्ट्यातला गार्लंड तेरा सेकंद एक्केचाळीस, डावीकडचा वेंडेल तेरा चव्वेचाळीस. तीन शतांश! डोळ्याची पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. गर्दीनं गार्लंडला खांद्यावर घेतलं.

संध्याकाळी डेल्बर्ट दिवे काढायला पट्टीच्या टोकाला गेला, तर उजव्या पट्ट्याच्या खांबापलीकडे त्याला गवतात एक मोकळा खड्डा दिसला. शुक्रवारी गवत कापताना त्याच्या ट्रॅक्टरचा धक्का लागून हा खांब पडला होता. घाईघाईत त्यानं तो पुन्हा रोवला, पण रोवला गेल्या वर्षीच्या जुन्या खड्ड्यात. त्यानं फीत लावली. सहा फूट! गार्लंडचा पट्टा सहा फूट तोकडा होता. आता तुम्ही म्हणाल, सहा फूट म्हणजे काय मोठंसं? अहो, ताशी शंभर मैलांच्या वर धावणाऱ्या गाडीला सहा फूट म्हणजे चार शतांश सेकंद. आणि वेंडेल हरला होता तीन शतांशांनी.

डेल्बर्टनं खांब उचलून खऱ्या खड्ड्यात रोवला आणि जुना खड्डा मातीनं बुजवला. उद्या सांगू, असं त्यानं मनाशी म्हटलं.

उद्या रविवार. बादली घेऊन वेंडेल शेव्हेल धूत होता, सगळं गाव खिदळत होतं. "दारंही पूस रे, ड्रायव्हर!" लॉनी फडकं घेऊन मदतीला आला, तसा वेंडेल फाडकन म्हणाला, "तू लांब राहा. तुझ्या स्क्रूंनीच घात केला."

"कार्ब्युरेटर बरोबर होता, वेंडेल. माझ्या कानानं ऐकलाय."

"कानानं! मग काय घड्याळ खोटं बोललं? हा इथंच उभा आहे, विचार की याला. डेल्बर्ट, चुकतं का रे तुझं घड्याळ?"

सगळ्यांनी वळून पाहिलं. स्ट्राउडही होते. डेल्बर्ट म्हणाला, "नाही. घड्याळ चुकत नाही."

शब्द न् शब्द खरा होता, आणि याहून नीच खोटं तो जन्मात बोलला नव्हता. लॉनीनं फडकं बादलीत टाकलं आणि तो चालता झाला. त्या दिवसापासून भावाभावांत अबोला, तो अकरा वर्षं. वेंडेलनं तो कार्ब्युरेटर उपटून दुसरा बसवला. लॉनीनं पुन्हा कुणाच्या गाडीला हात लावला नाही, गोदामात पोती उचलली. ज्याचा कान सोन्याचा, त्यानं पोती उचलायची! डेल्बर्ट त्याला रोज पाहायचा आणि रस्ता बदलायचा.

ऐंशीच्या उन्हाळ्यात टॅकेट बंधूंची आई गेली. शवपेटी उचलताना एक भाऊ डावीकडे, एक उजवीकडे, पण नजरेला नजर नाही. घरी येऊन डेल्बर्टनं बायकोला, ओपलला, सगळं सांगितलं. ती बटाटे सोलता सोलता थांबली.

"अकरा वर्षं? आणि माझ्याशेजारी बसून दर रविवारी प्रार्थना म्हणत होतास?"

"लाज वाटली गं."

"लाज? मग मला काय सांगतोस? ऊठ, जा त्यांच्याकडे!"

वेंडेलनं सगळं ऐकून घेतलं. डेल्बर्टला वाटलं, आता कानाखाली बसणार. बसली असती तर बरं वाटलं असतं. पण वेंडेलनं हात उचलला नाही. तो म्हणाला, "म्हणजे तो खरं सांगत होता. आणि मी माझ्या भावापेक्षा तुझ्या घड्याळावर विश्वास ठेवला." त्यानं किल्ली उचलली. "चल. त्याला तूच सांगायचंस. मी काही आत येणार नाही."

लॉनीच्या दारात डेल्बर्टनं टोपी हातात घेऊन पुन्हा सगळं सांगितलं. खड्डा, सहा फूट, रविवार. सांगताना तो रडला. लॉनीचा चेहरा हलला नाही.

"कार्ब्युरेटर बरोबर होता हे मला त्याच दिवशी माहीत होतं," तो म्हणाला. "तू काय नवीन सांगतोस?"

"मला माफ कर, लॉनी."

लॉनीचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. तो मान तिरकी करून बाहेरचं ऐकत होता. फाटकाशी जुनी रोड रनर उभी होती, इंजिन चालू, काच वर, आत वेंडेल मान खाली घालून बसलेला.

"ऐक, कशी अडखळतेय," लॉनी म्हणाला. "कुणा गाढवानं लावलाय हा कार्ब्युरेटर?"

तो आत गेला, खण उघडल्याचा आवाज आला आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन तो डेल्बर्टच्या शेजारून पायऱ्या उतरला. त्यानं गाडीच्या बॉनेटवर थाप मारली. "उघड रे!"

बॉनेट वर झालं. दोन पिकू लागलेली डोकी आत वाकली. पायरीवर उभ्या डेल्बर्टला कुणी थांब म्हटलं नाही, की जा म्हटलं नाही. माफ केलं असंही कुणी म्हटलं नाही. थोड्या वेळानं इंजिन एकसुरात चालायला लागलं, तेव्हा त्यानं टोपी घातली आणि तो पायीच घरी निघाला.