‘राहतं घर’ असं मी लिहिलं

ग्रामपंचायतीत मी तात्पुरता क्लार्क म्हणून लागलो ते अठ्ठ्याण्णव साल. आमचं गाव मालवणच्या दक्षिणेला. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मधल्या वाळूच्या पट्टीवर घरं. माझ्याकडे घरपट्टीचं काम होतं. चार वर्षांनी एकदा प्रत्येक घराची मापं घ्यायची. घर मातीचं की चिऱ्याचं, वर कौलं की स्लॅब, घर राहतं की धंद्याचं, हे रजिस्टरात लिहायचं. त्यावरून कर बसायचा. राहत्या घराला कमी, धंद्याच्या जागेला बराच जास्त. मग तो कर वर्षभर दारोदार फिरून गोळा करायचा.

होडीवाल्यांकडून वसुली पटकन व्हायची. त्यांच्याकडे पैसा होता म्हणून नव्हे. रेशनकार्डावर सुनेचं नाव चढवायचं असो की मुलाला मुंबईला नोकरीला पाठवायचं असो, दाखल्यासाठी त्यांना आमच्याच दारात यावं लागायचं, आणि घरपट्टी भरल्याशिवाय दाखला द्यायचा नाही असा आमचा शिरस्ता होता. ज्याला पंचायतीची गरज होती त्याला कर चुकवताच येत नव्हता. मला ती तेव्हा शिस्त वाटायची.

आमच्या शेजारणीला मी वयनी म्हणायचो. तिचा नवरा दुसऱ्याच्या होडीवर खलाशी होता. ती मासळीची पाटी डोक्यावर घेऊन आतल्या गावांमधून घरोघर विकत फिरायची. त्यांना एकच मुलगी, माझ्या मुलीच्याच वयाची. दोघी एका बाकावर बसायच्या, गावातल्याच सातवीपर्यंतच्या शाळेत. माझी मुलगी वाचनात बरी, पण गणित म्हटलं की रडायची. वयनीच्या मुलीचं उलट. मी ओटीवर रजिस्टर उघडून बेरजा करत बसलो की ती मागे येऊन उभी राहायची आणि माझ्या खांद्यावरून बघत म्हणायची, “काका, हय हातचो रवलो.” मी चिडून पुन्हा मोजायचो. हातचा राहिलेलाच असायचा.

मुली चौथीत होत्या त्या वर्षी नवी आकारणी आली. तोवर पर्यटक यायला लागले होते. बाहेरच्या एका माणसाने समुद्राच्या बाजूला दुमजली इमारत बांधली होती, बारा खोल्यांची. शिपायाला टेपचं एक टोक धरायला लावून मी मापं घेतली, ऑफिसात येऊन ‘धंद्याचं’ असं लिहिलं आणि जेवायला घरी गेलो. परत आलो तर सरपंच माझ्या खुर्चीसमोर बसलेले.

“रे, त्या हाटेलाचा राहता घर म्हणान लिव,” ते म्हणाले.

“बारा खोल्ये आसत,” मी म्हणालो. “भायर पाटी लागली आसा.”

“पाटी काढूक सांगतंय. तो मानूस गावातल्या धा जणांक काम देतलो. तेका पयल्याच वर्साक कशाक जड करूचा?” मग हसून पुढे म्हणाले, “तुका कायम करूचो ठराव पुढच्या म्हयन्यात येतलो. माज्या ध्यानात आसा.”

त्यांनी धमकी दिली असं मला कधीच म्हणता येणार नाही. आवाजही चढवला नाही. मी तो शब्द खोडला आणि वर ‘राहतं घर’ असं लिहिलं. त्यानंतर मुंबईकरांचे भाड्याने दिले जाणारे तीन बंगले आले, खाडीकडचं एक मोठं जेवणघर आलं. त्यांच्यासाठी मला कोणी सांगायलाही आलं नाही. माझं मीच लिहीत गेलो.

यादी महिनाभर पंचायतीबाहेरच्या बोर्डावर लावली. कोणाची हरकत असेल तर लेखी द्यावी, असं खाली लिहिलेलं होतं. एकही हरकत आली नाही. पुढच्या महिन्यात मी कायम झालो. वयनीने सुरमईचा मधला तुकडा आमच्याकडे पाठवला. “भावजींची नोकरी पक्की झाली,” असं ती वाटेत भेटेल त्याला सांगत होती.

मुली पाचवीत गेल्या त्या पावसाळ्यात शाळेच्या एका खोलीचा वासा मोडला. पाचवी, सहावी आणि सातवी याच खोलीत बसायची. मधल्या सुट्टीत मुलं बाहेर होती म्हणून निभावलं. कौलं बाकांवर येऊन फुटली. इंजिनिअर येऊन बघून गेले आणि खोली धोकादायक म्हणून बंद झाली. वरच्या वर्गांची मुलं व्हरांड्यात बसायला लागली. पाऊस तिरका आला की त्यांना घरी सोडायचे.

शाळेच्या मोठ्या बाई पंचायतीत आल्या. त्यांनी कागद पुढे केला. “जिल्ह्याकडून दुरुस्ती मंजूर होतेय,” त्या म्हणाल्या. “पण गावाचा हिस्सा आधी भरावा लागेल. मार्चच्या आत. नाहीतर हे पैसे दुसऱ्या शाळेला जातील.”

सरपंचांनी मला शिल्लक दाखवायला सांगितली. मी दाखवली. दिवाबत्तीचं बिल थकलेलं, नळपाण्याचा पंप दुरुस्तीला गेलेला. शिल्लक खरोखरच नव्हती. बाईंना मी खरं तेच दाखवलं. खोटं होतं ते दुसऱ्या रजिस्टरात, माझ्या पाठीमागच्या कपाटात. बाई “बरं” म्हणून उठल्या.

ग्रामसभेत होडीवाल्यांनी आपणहून सांगितलं, प्रत्येक होडी एका दिवसाची मासळी शाळेला देईल. हॉटेलवाला आलाच नव्हता. बंगलेवाले मुंबईत. तेवढ्यात बायकांच्या बाजूने वयनी उठली.

“आमी घरपट्टी भरतंव ती खंय जाता?” तिने विचारलं.

सरपंचांनी माझ्याकडे बघितलं. मी उभा राहिलो. रोज कुंपणावरून जिच्याशी मालवणीत बोलायचो त्या बाईला मी कागदावरच्या मराठीत उत्तर दिलं, “दिवाबत्ती, नळपाणी योजना आणि कर्मचाऱ्यांचं वेतन यावर खर्च होते.”

ती माझ्याकडे बघत राहिली. पुढचा प्रश्न तिच्या तोंडात आहे असं मला वाटलं. पण ती पदर सावरून खाली बसली.

होड्यांनी शब्द पाळला. पण त्या वर्षी मासळीच कमी, जमलं ते पुरलं नाही. मार्च संपला आणि मंजुरी दुसऱ्या गावाला गेली. जूनमध्ये पाचवी ते सातवीचे वर्ग पुढच्या गावच्या शाळेला जोडले. तिथे चालत जायला तासभर लागायचा आणि एसटीची वेळ शाळेच्या वेळेशी जुळत नव्हती.

मी माझ्या मुलीला मालवणच्या शाळेत घातलं. मोटरसायकल होतीच. वयनीच्या मुलीलाही घेऊन जातो म्हणालो आणि तिचंही नाव तिथेच घातलं. पुढे माझी मुलगी, मागे ती, अशी दोघींना पाऊस सुरू झाल्यावरही नेत होतो. मग वयनीचा नवरा होडीवर घसरून पडला आणि कमरेतून अधू झाला. वयनी पाटी घेऊन बाहेर पडली की घरात त्याला उठवायला, पेज द्यायला कोणीतरी हवं होतं. गावातली शाळा चालू असती तर मुलगी घरातलं उरकून पाच मिनिटांत वर्गात पोचली असती, मधल्या सुट्टीत येऊन बापाला जेवू घालून गेली असती. मालवणहून ते कसं जमणार?

एका सकाळी ती दप्तर न घेता कुंपणाशी आली. “काका, आज मी नाय येवचंय,” एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी आलीच नाही. गावातल्या शाळेच्या मोठ्या बाई आपणहून तीनदा त्यांच्या घरी जाऊन आल्या. माझी मुलगी आठवडाभर मोटरसायकलवर बसताना मागे वळून बघायची. नंतर बघेनाशी झाली.

पुढे ती आईबरोबर पाटी घेऊन फिरू लागली. चार पाच घरांचा हिशेब तोंडी ठेवायची, असं लोक कौतुकाने सांगायचे. मला ते ऐकवत नसे. सोळा वर्षांची झाली तेव्हा ती त्याच हॉटेलात कामाला लागली, चादरी धुवायला. मी वसुलीला गेलो की मागच्या दोरीवर चादरी वाळत घालताना दिसायची. “काका, चाय घेतलास?” असं लांबूनच विचारायची.

माझी मुलगी कणकवलीला कॉलेजात गेली.

पुढे सरपंच बदलले, नवे ग्रामसेवक आले आणि त्यांनी आकारणी पुन्हा करायला लावली. त्याच इमारतीला मी पुन्हा टेप लावला. या वेळी ‘धंद्याचं’ असं लिहिलं आणि कोणी काही बोललं नाही. हॉटेलवाल्याने थोडी कुरकुर करून कर भरला. इतकं सोपं होतं ते. त्या वर्षी गावाचा हिस्सा निघाला, शाळेची खोली दुरुस्त झाली, वर नवे पत्रे आले. पण वरचे वर्ग परत मिळाले नाहीत. तेवढी मुलंच आता गावात नाहीत, असं उत्तर आलं. कोण मालवणला जात होतं, कोणी शाळाच सोडली होती. त्या खोलीत पोषण आहाराच्या तांदळाची पोती ठेवतात.

वयनीच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा तिला अठरा पूर्ण झाली होती. मला राहवेना. एका दुपारी मी कुंपण ओलांडून गेलो. वयनी अंगणात वाळत घातलेली मासळी परतत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. सरपंच काय म्हणाले, मी काय खोडलं, काय लिहिलं, आणि शाळेला पैसे का उरले नाहीत.

तिने हात थांबवला नाही. “माका म्हायत आसा,” ती म्हणाली.

“कधीपासून?”

“तवापासून. चेडवान बोर्डावरची यादी वाचल्यान. घराक येवन सांगल्यान, आये, ता हाटेल आनी आमचा घर एकाच रकान्यात आसा.”

चौथीतली मुलगी. साऱ्या गावात ती यादी तिने एकटीने नीट वाचली होती.

“मगे हरकत कशाक नाय घेतलंस?” मी विचारलं.

“हरकत घेतली आसती तर तुमची नोकरी गेली आसती, भावजी. तुमचा चेडू ल्हान होता.” मग तिने पहिल्यांदा वर बघितलं. “त्येच्यापायी शाळा जातली ह्या माका काय म्हायत?”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. मी तिथेच दगडावर बसलो. तिने आत जाऊन पाण्याचा तांब्या आणून माझ्या पुढ्यात ठेवला आणि पुन्हा मासळी परतायला बसली.

मी ग्रामसेवकांना सगळं लिहून दिलं. त्यांनी वाचून कागद माझ्या हातात परत दिला. “जुनं आहे हो. आता आकारणी बरोबर आहे ना?” म्हणाले.

लग्नाच्या आधी वयनीची मुलगी दाखल्यासाठी ऑफिसात आली. अर्ज तिने स्वतःच भरायला घेतला. अक्षर अजून शाळेतलंच, गोल आणि टपोरं. शिक्षणाच्या रकान्याशी येऊन ती थांबली.

“काका, पाचवी लिवू काय सव्वी?”

“सव्वी लिव,” मी म्हणालो.

“परीक्षा खंय दिलंय मी?” ती म्हणाली आणि तिने ‘पाचवी’ लिहिलं.

मी शिक्का मारून दाखला दिला. तिने तो घडी करून पिशवीत ठेवला. जाताना दारात थांबून तिने माझ्या मुलीची चौकशी केली, ती घरी कधी येणार म्हणून.

“गणपतीक येतली,” मी म्हणालो.

“तवा मी सासराक आसतलंय,” ती म्हणाली. “माजी आठवन सांगा तिका.”