भट्टी निवल्याचा हिशेब

त्या म्हाताऱ्या मिस्त्रीचं नाव मला आठवत नाही, जरी ते मीच एकदा मेमोवर लिहिलं होतं. सत्तरच्या दशकात नागपूरच्या आमच्या कारखान्यात तो भट्टीच्या विटा बसवायचा. कुठल्याही भिंतीला हात लावायचा तो उलटा, म्हातारी नातवाचा ताप बघते तसा.

त्या मे महिन्यात मुंबईहून एक तज्ज्ञ आले. भिंतीचं बाहेरून तापमान मोजून आतलं कागदावर काढायचं, ही त्यांची ख्याती. टाय लावून ते भट्टीपासून वीस पावलं लांब उभे राहत आणि तिथून उष्णतेला शिस्त लावत. दुरुस्तीसाठी विझवलेल्या भट्टीचं दोन पानं गणित करून ते म्हणाले, "निवली. मिस्त्रीला आत पाठवा."

ज्युनियर इंजिनिअर म्हणून मी मान डोलावली.

मिस्त्रीनं भट्टीच्या दारातून एक कोरडं पोतं आत फेकलं. बघता बघता ते पेटलं.

"बाहेरून निवली साहेब, अंदर अजून तापूनच राहिली."

"उष्णता सरळ रेषेत उतरते. गणित चुकत नाही."

"मंग पहिले तुमीच चला ना जी. मी मांगून येतो."

साहेबांनी दुपारभर नवं गणित केलं. आणखी तीन दिवस थांबायचं ठरलं. अहवालात त्यांच्या अचूक अंदाजाचं कौतुक झालं, आणि मिस्त्रीला उद्धटपणाबद्दल मेमो मिळाला. तो लिहून त्याला द्यायचं काम माझ्याकडेच आलं.

"तुमी तर तिथंच होते ना जी?" त्यानं विचारलं.

मी हो म्हणालो, आणि सही कुठे करायची ते त्याला बोट ठेवून दाखवलं.