पुस्तकवाल्याची साक्ष

दामिनीचं नाव निघालं का माह्या बायकोचं तोंड आजही कडू होते. राग माह्यावरच असते तिचा. आणि तिचं बरोबर आहे.

लाखांदूरले एसटी स्टँडच्या बाजूनं माहं पुस्तकाचं दुकान. वह्या, कंपास, थोड्या पोथ्या, आणि एक पूर्ण भिंत भरतीच्या पुस्तकांची. तलाठी, पोलीस, वनरक्षक, जे मागाल ते. दामिनी पहिल्यांदा आली तेव्हा नुकतीच बी.ए. झाली होती. बाप टिकाराम, धानाचा शेतकरी, गाव एसटीनं अर्ध्या तासावर. पोट्टी दिसाले बारीक, पण बोलाले खणखणीत. "काकाजी, तलाठ्याचं सगळ्यात जाडं पुस्तक द्या," म्हणे. मी म्हटलं, "एवढं जाडं उशाले घेते का?" तं म्हणे, "वाचून झालं का उशालेच घेईन." मले आवडली पोट्टी, खोटं कायले बोलू.

ते पुस्तक ती कोळून प्यायली. पण त्या वर्षी परीक्षाच झाली नाही. दुसऱ्या वर्षी अभ्यासक्रम बदलला, नवी आवृत्ती आली. दामिनी जुनं पुस्तक घेऊन आली. पेपराचं कव्हर घातलेलं, एक पान दुमडलेलं नाही. "हे ठेवून घ्या काकाजी, नवं द्या, वरचे पैसे देईन." आता जुनी आवृत्ती कोणताच दुकानदार परत घेत नाही. पण नाही म्हणाची एक रीत असते, ते मले जन्मात जमली नाही. मी म्हटलं, "हे रद्दीवाल्याले दे." पोट्टीचं तोंड एवढूसं झालं. पुस्तक पिशवीत टाकलं आणि गेली.

महिनाभरानं आली ते मोबाईल दाखवतच. "काकाजी, ई-बुक घेतलं. नवी आवृत्ती निघाली का आपोआपच बदलते म्हणे. आणि हे पाहा, शब्द टाकला का सारे पानं समोर येते."

"पानं कुठं येते?" मी म्हटलं. "काच येते."

ती हासली. मले हासू आलं नाही.

त्यानंतर दोन वर्षं, लाखांदूरले आली का बसची वाट पाहाले ती माह्याच दुकानात पंख्याखाली उभी राहे. नवं पुस्तक काढे, चाळे, कोणत्या लेखकानं गणित बरं समजावलं ते पाही, आणि मंग तेच पुस्तक मोबाईलवर घे. वरून मलेच सांगे, "छापील घ्याव का ई-बुक, ते तुमच्याच दुकानात ठरवते मी." म्हणजे चव माह्या घरची अन् जेवण दुसऱ्याच्या घरी! माह्या नाकाले मिरच्या झोंबत. एकदा तं म्हटलंच, "अवो बाई, लायब्ररी नाही हे." तरी तिनं मनावर घेतलं नाही.

अभ्यास मात्र करे, बावा! धान रोवण्याच्या दिवसांत मायसंग शेताच्या बांधीत उतरे. मोबाईल प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळून कंबरेले खोचलेला. बाया कडेच्या धुऱ्यावर शिदोरी सोडत, तेव्हा दामिनी चिखलाचे हात धुऊन दोन पानं वाचून घे. "एवढं जाडं पुस्तक चिखलात कुठं नेऊ, काकाजी?" हे तिचंच वाक्य.

पण घरी तिचे हाल होते. ते हासत सांगे, पण हाल होते. छापील पुस्तक मांडीवर होतं तोवर माय तिले पाणीसुद्धा मागत नव्हती. लेक अभ्यास करून राहिली म्हणून शेजारणीले हळू बोलाले लावे. मोबाईल हातात आला आणि तेच माय म्हणे, "खुपसलं का डोकं त्या डब्यात?" भांडे घास, झाडू मार, ढोराले पाणी दाखव. वाचणं तेच, पण दिसत नव्हतं नं कोणाले! हे सारं मले माहीत होतं. हे ध्यानात ठेवा, मले माहीत होतं.

मागच्या माघात टिकाराम दुकानात आला. बाजारहाटाची पिशवी खाली ठेवली, टोपी काढून हातात घेतली. त्याच दिवशी सकाळी तीन पोट्ट्यांनी सांगून ठेवलेले पुस्तकं नाही म्हटले होते, काहून का त्याहिले कोणीतरी मोबाईलवर फुकट पाठवले. माहं डोकं तापलेलं.

"कैलाशभाऊ," टिकाराम म्हणे, "सानगडीचं स्थळ आलं पोरीले. चांगले लोक आहेत, उद्या जबाब द्याचा आहे. पोरगी म्हणते, सा महिने थांबा, परीक्षा आहे. तिची माय म्हणते, दिवसभर मोबाईल पाहून राहते. मले काही समजत नाही. तुम्ही पुस्तकवाले. तुमच्याकडून पुस्तकं नेते का ते? तुम्ही सांगान तसं करतो."

आता पाहा. एक वाक्य पुरे होतं. टिकारामभाऊ, तिचं पुस्तक मोबाईलातच आहे, थांबा सा महिने. बस, एवढंच. माह्या तोंडात आलं होतं ते. पण मी काय म्हटलं?

"दोन वर्षांत एक पुस्तक नेलं नाही."

"एकबी नाही?"

"एकबी नाही."

टिकारामनं टोपी घातली. "बरं झालं सांगतलं भाऊ, नाही तं आम्ही अडाणी फसलो असतो," म्हणे, आणि हात जोडून गेला. वड्याचं तेल मी वांग्यावर काढलं. शब्दानं खोटं नव्हतं, म्हणून तं अजून जास्त जळते. खोटं बोललो असतो तं खोटं होतं म्हणून फिरवता तरी आलं असतं.

वैशाखात लगन झालं. आठ दिवसांनी परीक्षेचं हॉल तिकीट आलं, सेंटर नागपूर. नवी नवरी अशी कुठं निघते का, म्हणून सासरच्याहिनं सोडलं नाही.

मले हे कळलं रितापासून. रिता तिच्याच गावची, संगच अभ्यास करे. ते तलाठी झाली, पेढे घेऊन आली. म्हणे, "दामिनीनंच शिकवलं मले, तिच्याच मोबाईलवर. माह्यापेक्षा ते हुशार होती, काकाजी." होती म्हणे! जशी काही मेली. पेढा मी काउंटरवरच ठेवला.

बायकोले सारं सांगतलं. ते म्हणे, "जीभ हलवली, तं पूर्ण काहून नाही हलवली?" दुसऱ्या दिवशी मी टिकारामच्या गावी गेलो. खळ्यात बसला होता. सारं कबूल केलं, मोबाईलातलं पुस्तक म्हणजे काय तेही समजावलं. टिकाराम म्हणे, "भाऊ, हे आता सांगून राहिले?" चहासुद्धा विचारला नाही. कायले विचारंल?

दिवाळीले माहेरी आली तेव्हा दामिनी दुकानात आली. नवरा समोरच्या टपरीवर चहा पीत उभा. मी मान खाली घातली. बापानं तिले सांगतलं असंल, पुस्तकवाल्यालेच विचारून आलो म्हणून.

"काकाजी, एक जाडं पुस्तक द्या."

"कोणतं?"

"कोणतंही. वरून देवाधर्माचं दिसाव."

मी दोन-तीन काढले. तिनं पर्समधून मोबाईल काढला, एकेक पुस्तक उघडून मधात ठेवून पाहिला. तिसऱ्यात बरोबर बसला, काठ बाहेर आला नाही. मंग माह्याकडं न पाहता म्हणे, "सासूबाई मोबाईल पाहून चिडते. पुस्तक हातात असलं का कोणी बोलत नाही. पुढची जाहिरात निघंल तं तयारी असाव."

"पैसे राहू दे, बेटा," मी म्हटलं.

तिनं नोट काउंटरवर ठेवली, वर पेपरवेट ठेवला.

"नाही काकाजी, विकतच नेते. बाबा कधी आले तं सांगजा, दामिनीनं एक पुस्तक नेलं म्हणून."