ठिणगीच्या पेटीतले फुकटे

वेल्डिंगचं काम करणाऱ्या त्या बाईला सगळी गल्ली ठिणगी म्हणायची, आणि ती त्या नावाला जागायचीही. मधमाश्या पाळायला ती कुणाकडून शिकली नव्हती. डंख खातखातच शिकली. त्या सकाळी गच्चीवरून तिची आरोळी आली, "अहो, पळा! मोहोळ उठतंय!"

नवरा शिंपी, एरवी सावकाश माणूस. गळ्यातल्या टेपसकट धापा टाकत वर आला. मधपेटीच्या तोंडाशी माश्यांचा घोस लोंबत होता. आत जायला एक तयार नाही. बाकीच्या पेट्या आधीच रिकाम्या झालेल्या. ही गेली की खेळ खलास.

"या चिकट मेल्यांनी हाकललं त्यांना!" तिनं झाकणावरचं ओलं गोणपाट उचललं. खाली बिनशंखाच्या गोगलगायी, ऐसपैस पसरलेल्या. "माश्यांना गारवा मिळावा म्हणून मी भिजवते, आणि लोळतायत हे फुकटे! मीठ आणा!"

"मीठ पेटीत सांडेल. आणि गादी रोज भिजवून कोण देतं त्यांना?"

"म्हणजे माझंच चुकलं?"

"मी कुठं काय म्हणालो?"

भांडण तिनं नंतरसाठी राखून ठेवलं. चिमट्यानं एकेक गोगलगाय बादलीत टाकली, गोणपाट भिरकावलं. माश्या तरी बाहेरच! मग तिनं कडेची चौकट उपसली आणि शिवीच हासडली. पोळ्यावर जाळीच जाळी, आत पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. पोळंच पोखरून खाणारा मेणकिडा!

"चोर घरात, आणि मी अंगणातल्यांना बडवतेय! कात्री द्या!"

"कापडाची?" शिंप्याचा चेहरा पडला. त्या कात्रीनं त्यानं बायकोला कधी कागदही कापू दिला नव्हता.

"नाही तर काय, वेल्डिंग मशीन लावू?"

तो धावत गेला, धावतच आला, आणि कात्री देताना त्यानं मान फिरवली.

कचाकच! सडकं पोळं खाली, तळ खरवडून साफ, चांगल्या चौकटी परत जागेवर. दोघं बाजूला सरून बघत राहिले. घोस हलला, सैल पडला. त्यातून लांबट पोटाची राणी निघाली, दारात जराशी थबकली, आणि शिरली आत! मागोमाग सगळा लोंढा.

"राहिल्या! अहो, राहिल्या!" ठिणगीनं मेणानं बरबटलेल्या हातांनी नवऱ्याला गदागदा हलवलं.

खाली गल्लीतल्या न्हाव्यानं दुकानातून ओरडून विचारलं, "कोण आलंय गं राहायला?"

"कोणी नवं नाही!" शिंपीच वरून ओरडला. "घरातलीच माणसं!"